‘आवडला नाही’ आणि ‘चांगला नाही’

मागच्या व्याख्यानानंतर माझ्या हातात एक चिठ्ठी आली. तिचा आशय असा: ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला अर्ध्या तासात कंटाळा आला, हे चारचौघांत बोललो की लोक कीव आल्यासारखं बघतात, मग आम्ही साध्या प्रेक्षकांनी मत द्यायचंच नाही का? प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे, पण त्याच्या तळाशी अपमान आहे. म्हणून आजचा वेळ त्याला देतो. मीसुद्धा चित्रपटांचा अभ्यासक नाही. वर्षाकाठी पाच-सहा चित्रपट बघणारा, तोही मध्यंतरात चहा लागणारा माणूस आहे.

आधी एक फरक करू. ‘मला आवडला नाही’ आणि ‘चित्रपट चांगला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. कारल्याची भाजी मला आवडते असं मी म्हटलं, तर तुम्ही वाद घालणार नाही. कांटने १७९० साली हाच फरक मांडला. एखादी गोष्ट सुखद आहे असं म्हणताना माणूस मुकाट्याने ‘मला’ हा शब्द जोडत असतो. सुंदर आहे असं म्हणतो, तेव्हा तो इतरांकडून संमती मागतो. ती मिळेलच असं नाही, पण मागणी मात्र असते.

आता ‘अंडररेटेड’ हा हल्लीचा लाडका शब्द बघा. तो कायम दुसऱ्या जातीचा. त्यात स्तुती थोडी आणि तक्रार जास्त: तुम्ही लोकांनी याची कदर केली नाही! मग विचारायला हवं, कोणी नाही केली? प्रेक्षकांनी, समीक्षकांनी, की पुरस्कार देणाऱ्यांनी? ‘कागज के फूल’ १९५९ साली पडला. तो इतका लागला की गुरुदत्तने पुन्हा दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. पण त्याच चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी व्ही. के. मूर्तींना फिल्मफेअर मिळालं होतं. म्हणजे तेव्हाही सगळेच आंधळे नव्हते. आणि आज, अभ्यासक्रमांत शिकवला जात असताना, त्याला उपेक्षित म्हणणं ही नुसती सवय आहे. माझं मत विचाराल तर स्टुडिओतला तो प्रकाशाचा झोत अजोड आहे, पण जॉनी वॉकरचं उपकथानक सैल आहे. १९५९चा प्रेक्षक तिथे चुळबुळला असेल तर त्याला मूर्ख म्हणायचं कारण नाही.

‘तुंबाड’चं उदाहरण निराळं. २०१८ साली तो थोड्यांनीच बघितला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चित्रपट तोच होता. इथे तक्रार खरी होती, असं म्हणता येतं.

आता ‘कोर्ट’कडे येऊ. चैतन्य ताम्हाणेंचा २०१४चा चित्रपट. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा बहुतेक वेळ हलत नाही. तारखा पडतात. वकील घरी जातात, सरकारी वकीलबाई लोकल पकडतात, स्वयंपाक करतात. ‘काही घडतच नाही’ ही तक्रार वर्णन म्हणून बरोबर आहे. चिठ्ठीवाल्या गृहस्थांनी चित्रपट नीटच बघितला आहे!

इथे कालिदास उपयोगी पडतो. लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, हे त्याचं वचन आपण वाद मिटवायला वापरतो. पण ते रघुवंशाच्या सहाव्या सर्गात येतं कुठे? इंदुमतीच्या स्वयंवरात. ती अंगराजाला ओलांडून पुढे जाते. कालिदास आधी दोन गोष्टी सांगतो: राजात काही उणं होतं असं नाही म्हणायचं, आणि तिला पारख नव्हती असंही नाही, आवड निराळी. आपण शेवटचं तेवढं उचलतो. खरं म्हणजे आधीची दोन्ही वाक्यं तपासल्याशिवाय तिसरं उच्चारायचा अधिकार मिळत नाही.

मग तपासायचं कसं? ह्यूमने १७५७च्या निबंधात ‘दोन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकार पिंपातली दारू चाखतात. दोघेही चांगली म्हणतात. पण एकाला किंचित चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते. चित्रपटाबद्दलच्या वादात एवढंच मागायचं: किल्ली दाखवा. पुरस्कार ही किल्ली नव्हे, आणि ‘तुम्हाला कळलं नाही’ ही तर नव्हेच.

‘कोर्ट’मधली मला दिसलेली किल्ली सांगतो. मृत कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. कुठलंही पार्श्वसंगीत नाही, चेहऱ्यावर झेप घेणारा कॅमेरा नाही. तीही पत्ता सांगावा तसं सांगते. आधीचा तासभर तुम्ही तारखा, कलमं, कंटाळा यांत बसलेले असता, म्हणून ते वाक्य कामकाजाच्या ओघात निसटून जाताना दिसतं. कोर्टातही ते तसंच निसटतं. तिथे व्हायोलिन वाजलं असतं तर आपण रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. तो कंटाळा मुद्दाम आणलेला आहे, असं माझं म्हणणं.

यावर चिठ्ठीवाले म्हणू शकतात, ‘किल्ली दिसली, तरी मला दोन तास तसं बसायचं नाही.’ हे उत्तर मला मान्य आहे. आता ते कालिदासाच्या तिसऱ्या वाक्यापर्यंत रीतसर पोचले. उलट, चित्रपट न बघता पुरस्काराकडे पाहून मान डोलवणारे अजून पहिल्याच्याही अलीकडे आहेत, आणि कीव करायचीच तर ती त्यांची करावी.

ह्यूमही सगळं एका मापात बसवत नाही. विशीत एक कवी जवळचा वाटतो, चाळिशीत दुसरा, पन्नाशीत कदाचित एखादा इतिहासकार; यात दोष कुणाचा नाही, असं तो म्हणतो. माझा नातू ‘तुंबाड’ तीनदा बघून आला. मला त्यातला तो पाऊस आणि वाडा पुरेसा झाला, हस्तर नसता तरी चाललं असतं. आमचा वाद चालू आहे, आणि किल्ली अजून दोघांनीही दाखवलेली नाही.

वेळ होत आला, आता प्रश्न घेऊ. ‘सैराट’चा उत्तरार्ध लांबला की नाही, हे विचारणारे हात मला इथून दिसतायत.