लेकरांचे दात आणि आपली साखर

सभासद बंधूंनो, साखर आपण पिकवतो, तेव्हा हेही आपणच सांगितलेले बरे. गोड खाल्ले की दातांवरचे जंतू त्याचे आम्ल करतात, दात किडतो. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये.

एका सभासदांचा मुलगा अंबरनाथ एमआयडीसीत पाळीवर असतो. त्याच्याकडे आम्ही उतरलो होतो. चार वर्षांची पोर ब्रश पाहून पळायची. बापाने भोंगा दिला, "भोंऽऽ! वरची पाळी सुरू!" मग खालची. पोर हसत उभी राहिली, आणि बापाचेही दात घासून मोकळी!

पेस्ट वाटाण्याएवढीच, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. पक्क्या दाताला खोडवा नाही! मिश्री मात्र नकोच. ती भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे.