अंधारातला रॅम्प आणि कॅमेरा

फॅशन शोच्या फोटोत कपडे दिसले पाहिजेत, आणि नाइटक्लब बांधलेला असतो तो नाचणाऱ्यांसाठी. भिंती काळ्या, छत काळे, दिवे रंगीत आणि सतत फिरते, हवेत यंत्राने सोडलेला धूर. तरीही फॅशनला या जागेची ओढ जुनी आहे. पॅरिसमधला ‘ल पालास’ हा क्लब १९७८ मध्ये एका जुन्या नाट्यगृहात सुरू झाला, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांचे गणवेश डिझायनर तिएरी म्युगलर यांनी तयार केले होते. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये गुचीने आपला शो त्याच वास्तूत केला. नवख्या डिझायनरला तर क्लब सोयीचाच, कारण ध्वनियंत्रणा आणि दिवे तिथे आयते मिळतात.

रॉक गायकाची नुसती आकृती टिपली तरी फोटो चांगला ठरू शकतो. फॅशनच्या फोटोत मात्र शिवण, कापडाचा पोत, घेराचा झोल आणि रंगाची नेमकी छटा यावी लागते. म्हणून शटर फार मंद ठेवून चालत नाही. मॉडेल सेकंदाला साधारण दीड मीटर चालते, म्हणजे १/६० सेकंदात अडीच सेंटिमीटर; हातपाय त्याहून वेगाने हलतात. १/२५० सेकंद हा त्यामुळे नेहमीचा वेग. प्रकाश अगदीच कमी असेल, तर पुढचे पाऊल जमिनीवर टेकते तो क्षण साधावा लागतो. तेव्हा ते पाऊल स्थिर असते, हाताचा झोका टोकाला जाऊन थबकलेला असतो आणि १/१२५ वरही फोटो स्वच्छ येतो.

शटर वेगवान ठेवले की प्रकाशाची भरपाई लेन्स आणि आयएसओ यांतून करावी लागते. एफ/२.८ ऐवजी एफ/१.४ ची लेन्स लावली तर चौपट प्रकाश मिळतो, पण फोकसची पट्टी अरुंद होते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर, एफ/१.८ ला, चार मीटरवरच्या मॉडेलच्या मागेपुढे मिळून जेमतेम पाव मीटर जागा स्पष्ट येते, आणि तेवढे अंतर ती सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात ओलांडते. अंधारात आणि धुरात ऑटोफोकस चाचपडतो. अशा वेळी रॅम्पवर उजेडाची एक जागा हेरून तिथे आधीच फोकस लावून ठेवणे खात्रीचे. आयएसओच्या बाबतीत आजचा छायाचित्रकार सुदैवी आहे. १९८८ च्या सुमारास कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० ही कमी प्रकाशासाठीची फिल्म आली, पण ती कृष्णधवल होती. कापडाचा रंग दाखवण्यासाठी तिचा उपयोग नव्हता. २००७ च्या निकॉन डी३ पासून ६४०० आयएसओवरचे रंगीत फोटो छापण्याजोगे येऊ लागले.

खरी कसोटी दिव्यांच्या रंगाची. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या प्रकाशासाठी असतात. झगझगीत लाल एलईडीखाली मॉडेल आली की तीन चतुर्थांश ठिपके जवळजवळ रिकामे राहतात आणि उरलेल्या लाल ठिपक्यांत प्रकाश मावत नाही. लाल पैठणी असो वा पांढरा कोट, अंगावर नुसता लाल डाग उरतो. जर दिसत नाही, वीणही नाही. रॉ फाइलमध्येही मुळात न नोंदलेला तपशील परत आणता येत नाही. त्यामुळे लाल-निळ्या झोतात फोटोंचा सपाटा लावण्यापेक्षा पांढरा झोत येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे, आणि तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहणे गरजेचे.

काळी पार्श्वभूमी प्रकाशमापकालाही फसवते. सगळीकडे अंधार आहे असे समजून तो प्रकाश वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. मॅन्युअल मोडवर चेहऱ्याचा प्रकाश मोजून तोच कायम ठेवावा; टिकल्यांच्या पोशाखाला थोडा कमी, काळ्या मखमलीला थोडा जास्त.

काही स्वस्त एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. वेगवान शटरला ही लय सापडली की फोटोत आडव्या पट्ट्या येतात. हल्लीच्या अनेक कॅमेऱ्यांत त्यावर अँटी-फ्लिकरची सोय असते. मात्र मंद-प्रखर करता येणारे दिवे याहून वेगळ्याच गतीने लुकलुकू शकतात, तेव्हा शटरचा वेग किंचित कमी-जास्त करून पाहावा लागतो.

फ्लॅश हा मोहाचा मार्ग. काळ्या छतावरून तो उसळून येत नाही, सरळ मारला तर धूरच उजळतो, आणि दुप्पट अंतरावर त्याचा प्रकाश चौथाईवर येतो. शिवाय प्रेक्षकांच्या डोळ्यांत तो खुपतो आणि डिझायनरने ठरवलेली प्रकाशयोजना पुसून टाकतो. आयोजकांनी परवानगी दिली असेल तरच, आणि तोही बेताचा वापरावा.

यांतल्या बऱ्याच अडचणी शोच्या आधीच सुटू शकतात. तालमीच्या वेळी दिवे चालवणाऱ्याला भेटून, रॅम्पच्या टोकाला मॉडेल जिथे क्षणभर थांबते तिथे एक साधा पांढरा दिवा स्थिर ठेवायला सांगावा. तेवढ्या एका दिव्याने जे साधते ते महागड्या लेन्सनेही साधत नाही.