वीणेचा पहारा

आषाढी एकादशी आली, की चातुर्मासाच्या नेमांचा विचार घरोघरी सुरू होतो. या दिवसांत वाचकांपुढे आम्ही एक निराळा नेम ठेवू इच्छितो. तो आहे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसंबंधी.

उन्हाळी सुटीत आपल्या भागात बालसंस्कार शिबिरे भरतात. मुले हरिपाठ, पावल्या, पखवाज शिकतात. समारोपाच्या दिवशी एखादा धिटुकला ध्वनिवर्धकापुढे तास-अर्धा तास निरूपण करतो, मंडळी थक्क होतात, हारतुरे होतात आणि 'उद्याचे नेते येथे घडत आहेत' असे संयोजक सांगतात. शिबिरांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हा कीर्तनकारांनीच हे सांगितले पाहिजे, की वक्तृत्व म्हणजे नेतृत्व नव्हे. 'नेता' आणि 'विनय' हे दोन्ही शब्द एकाच 'नी' धातूपासून झालेले आहेत. राजपुत्राच्या शिक्षणाचा विचार ज्यात आहे, त्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचे नावच 'विनयाधिकारिक' आहे.

याचा दाखला दूर शोधावयास नको. कयाधूच्या काठी नरसी हे नामदेवरायांचे जन्मस्थान मानले जाते, जन्म इ. स. 1270 चा. देव ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्या तरुण नामदेवांच्या मस्तकावर संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे मारून पाहिले आणि हे मडके कच्चे, असा निर्णय दिला. नामदेव दुखावले, पण रुसून घरी बसले नाहीत. ते औंढ्यास नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांपाशी गेले. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. आमच्या शिबिरांतून हार घालणारे पुष्कळ आहेत, थापटणे घेतलेला गोरोबा मात्र क्वचितच दिसतो.

मग हे शिक्षण मिळावे कोठे? अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. गावच्या रीतीप्रमाणे तास-दोन तासांचा एकेकाचा पहारा असतो. कीर्तन आटोपते, मंडप रिता होतो, समईत तेल घालणारेही पेंगतात. अशा वेळी पहाटे दोन वाजता वीणा गळ्यात घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे पाहणारे कोणी नसते. पुढचा पहारेकरी उठला नाही, तर काय करावयाचे, हे त्यालाच ठरवावे लागते. वीणा देताघेताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. साठीचा गृहस्थ सोळा वर्षांच्या मुलापुढे वाकतो. तो क्षण त्या मुलाला जे देतो, ते प्रशस्तिपत्राने मिळत नाही.

वारीतील समाजआरतीही अशीच पाहण्याजोगी. माउलींच्या तळावर चोपदाराने चोप उंचावला, की सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तेथे स्वतः जातो, गाऱ्हाणे ऐकतो, समजूत घालतो, आणि मग आरती होते. हजारोंचा समुदाय शांत करणाऱ्याला अखेर न थांबलेल्या टाळांपाशी चालत जावे लागते, हे मुलांना तेथे उभे करून दाखवावे.

मुलींविषयी स्पष्टच लिहितो. शिबिरात त्यांना हरिपाठ शिकवावयाचा आणि सप्ताहात रांगोळी व पंक्तीची वाढणी तेवढी त्यांच्याकडे सोपवावयाची, ही रीत जनाबाई-मुक्ताबाईंचे नाव घेणाऱ्या संप्रदायास शोभत नाही.

आता श्रावण तोंडावर आहे. गावोगावी सप्ताहाच्या बैठका होतील, वर्गणीचे आकडे ठरतील, कीर्तनकारांच्या तारखा घेतल्या जातील. त्याच बैठकीत पहाऱ्याची यादी करताना मध्यरात्रीनंतरचे दोन पहारे गावातील कुमार-कुमारिकांच्या नावे लिहावेत, त्यांची यादी त्यांनाच करू द्यावी, आणि सोबतीला आईवडिलांपैकी एकाने मंडपाच्या कडेला घोंगडी टाकून बसावे.