वही कोणाच्या हाती?

आमची शाळा म्हणजे गिरणीचा दरवाजा. हजेरीची वही ज्याच्या हाती, कारभार त्याचा, हे आम्ही तेथेच शिकलो. संगणकातही अशी वही असते. त्याच्या स्मृतीचे बहुधा 4096 बाइटांचे तुकडे पाडतात; त्यांना पाने म्हणतात. कोणते पान प्रत्यक्षात कोठे आहे, याची नोंद ‘पेज टेबल’ या वहीत असते.

यंत्रणेचा गाभा म्हणजे कर्नल. जागा होताच तो ही वही स्वतः मांडतो. परंतु एकाच यंत्रात अनेक कर्नल बिऱ्हाडकरू झाले, तर एका खोट्या नोंदीने शेजाऱ्याची खोली उघडेल! केंब्रिज विद्यापीठात घडलेल्या व 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेन’ने यावर तोड काढली. पहिली वही कर्नलला भरून मिळते. ती त्याने वाचावी, खोडू नये. बदल हवा तर चाळमालकाकडे, म्हणजे हायपरवायझरकडे, मागणी करावी. वहीला नवे पान जोडायचे, तर त्यावर लिहिण्याचा हक्क आधी सोडावा.

यात सुरक्षितता आली, पण खेटेही आले. 2007-08 च्या सुमारास एएमडी व इंटेल यांच्या प्रोसेसरांत दुसरी वही आली. आता बिऱ्हाडकरू आपली वही लिहितो, मालक आपली. प्रोसेसर दोन्ही पाहूनच दार उघडतो. दोन वह्यांचा हा न्याय आम्हांस पटतो.