शाळा बांधली, राखणार कोण?

आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, व्हरांड्याच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसेल. खोल्या कोणत्या योजनेतून बांधल्या, खर्च किती आला, उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले, प्रमुख पाहुणे कोण होते, सारे तिच्यावर कोरलेले असते. काही शाळांत अशा दोन-दोन, तीन-तीन पाट्या असतात. पण ‘या शाळेच्या छपराची गळती अमुक साली काढली’ अशी पाटी मी आजवर पाहिलेली नाही. नव्या खोलीचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. गळती काढली म्हणून कोणी नारळ फोडत नाही. आणि आपल्या सरकारी खर्चाची सारी रीत नारळ फुटतो त्या बाजूला झुकलेली आहे.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच तालुक्याच्या गावी. गुळाच्या गोदामावर कर्ज दिले की आमचा अधिकारी महिन्यातून एकदा तिथे जाऊन यायचा. रवे मोजायचा, विम्याची मुदत बघायचा आणि मान वर करून छपराकडेही पाहायचा. पत्रा फुटला असेल तर तसा शेरा मारायचा, कारण गुळाला ओल लागली तर बँकेचे तारण बुडते. त्याच रस्त्यावर शाळा असायची आणि तिच्या छपराखाली दीडशे मुले बसलेली असायची. त्या छपराकडे दर महिन्याला मान वर करून पाहण्यासाठी नेमलेला माणूस मला कधी दिसला नाही.

शाळेला स्वतःची इमारत हवी, ही कल्पनाच आपल्याकडे तशी अलीकडची. मारुतीचे देऊळ, चावडी, धर्मशाळा, नाहीतर एखाद्या सधन घराची पडवी, एवढ्यावर खेड्यातली शाळा भागत असे. मुंबई इलाख्यात १८६३ साली जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे शाळेसाठी सरकारने दिलेला पैसा हा मुळात कुणब्याच्याच कनवटीचा होता. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो, अशी त्यांची तक्रार होती. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी शाळेच्या पैशाबद्दलचा पहिला प्रश्न तोच आहे: येतो कोठून आणि पोचतो कोठे?

स्वातंत्र्यानंतर शाळा बांधण्याच्या बाबतीत सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९८७ मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, असा तिचा संकल्प. खोल्यांसाठी पैसा मुख्यतः ग्रामीण रोजगाराच्या योजनांतून यायचा. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. आपल्याकडे त्याची सुरुवात मराठवाड्यातून झाली. मग २००० च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान. त्यात एकूण खर्चाच्या तेहेतीस टक्क्यांपर्यंत रक्कम बांधकामावर खर्च करता येत असे आणि ते काम ठेकेदाराऐवजी गावच्या समितीने करावे अशी अपेक्षा होती. या साऱ्यांतून गावोगाव खोल्या उभ्या राहिल्या. देवळातली शाळा देवळाबाहेर आली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या खोल्या आता वीस, तीस, पस्तीस वर्षांच्या झाल्या. आणि इथे एक बारकावा आहे. पूर्वीच्या शाळा कौलारू होत्या. कौल फुटले की पाणी सरळ मुलाच्या पाटीवर पडायचे, म्हणून मृगाच्या आधी दोन माणसे वर चढवून कौले चाळून घेतली जायची. घर शाकारण्याची सवय गावाला होती, शाळाही त्याच हिशेबात शाकारली जायची. नंतर स्लॅब आला. स्लॅब म्हणजे कायमचे काम, आता वर बघायला नको, असा समज झाला. स्लॅब मात्र आपले दुखणे सांगत नाही. गच्चीवर पालापाचोळा साठतो, पाणी जायचा पाइप तुंबतो, पाणी मुरते, आतली सळई गंजते. लोखंड गंजले की फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून देते. प्रथम छताला ओलीचे डाग दिसतात, मग पोपडे पडतात, मग एक दिवस सळई उघडी पडते. पहिल्या टप्प्यावर दोन माणसांची एका दिवसाची मजुरी पुरते. शेवटच्या टप्प्यावर खोली पाडावी लागते.

आता दुरुस्तीसाठी पैसे किती मिळतात ते पाहू. सर्व शिक्षा अभियानात तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला देखभाल-दुरुस्तीसाठी वर्षाला पाच हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला दहा हजार रुपयांपर्यंत मिळत. रक्कम तुटपुंजी होती, पण तिचा हिशेब निदान खोल्यांवर होता. २०१८ मध्ये समग्र शिक्षा ही योजना आली आणि निरनिराळी छोटी अनुदाने एकत्र करून ‘संयुक्त शाळा अनुदान’ झाले. ते पटावर ठरते. सुधारित दराने तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात खडू, रजिस्टरे, विजेचे बिल, मोडक्या वस्तूंची बदली आणि इमारतीची डागडुजी.

वरवर पाहता हे न्यायाचे वाटते; जितकी मुले तितका पैसा. पण छप्पर काही पट मोजून गळत नाही. दोन खोल्यांची शाळा अठ्ठावीस मुलांची असो की अठ्ठ्याण्णव मुलांची, स्लॅब तेवढाच आणि पाऊसही तेवढाच. शिवाय आपल्या राज्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. लहान पटाच्या शाळा कोठे आहेत? गगनबावड्याच्या, महाबळेश्वरच्या, भोरच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर. जिथे पाऊस चार महिने कोसळतो तिथे मुले कमी, आणि मुले कमी म्हणून छपराला पैसे कमी. कागदावर सोपा दिसणारा हिशेब डोंगरात गेला की असा उलटतो.

दुसरी गोष्ट वेळेची. शाळा समितीचे खाते आमच्या शाखेत होते. मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष यांच्या दोघांच्या सहीने पैसे निघत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे गर्दीची कमाल व्हायची. अनुदान त्याच सुमारास जमा व्हायचे आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून विनियोग प्रमाणपत्र द्यायचे असे. एका गुरुजींना मी एकदा सहज विचारले, “गुरुजी, सगळ्या शाळांना एकदम रंगच कसा काय लावायचा असतो?” ते पावती घडी करून खिशात ठेवत म्हणाले, “साहेब, पैसे येतात मार्चमध्ये आणि गळती दिसते जूनमध्ये. मार्चमध्ये दिसतो तो उडालेला रंग.” त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. वस्तुस्थिती सांगून ते पुढच्या कामाला निघून गेले.

पुढे १ जुलै २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा एकाच मुख्य खात्यातून, खालच्या खात्यांत शिल्लक न ठेवता खर्च करण्याची पद्धत आली. बँकेच्या दृष्टीने ती चोख आहे. ठिकठिकाणी पडून राहणारा सरकारी पैसा तिने मोकळा केला. पण तिचा एक परिणाम असा की, तीन वर्षांचे थोडे थोडे साठवून चौथ्या वर्षी एकदाच गच्चीचे चांगले काम करू, असे एखाद्या शहाण्या मुख्याध्यापकाने ठरवले तरी त्याला साठवायला जागा नाही.

खासगी अनुदानित शाळांची कथा निराळी नाही. शिक्षकांचे पगार सरकार देते. इमारत, भाडे, दुरुस्ती वगैरेंसाठी असते ते वेतनेतर अनुदान. हे अनुदान आपल्याकडे २००४ पासून बंद राहिले. २०१३ पासून ते पाच टक्के दराने पुन्हा सुरू झाले, तेही पाचव्या वेतन आयोगाच्या जुन्या पगारांवर हिशेब करून. मधली नऊ वर्षे पाऊस काही थांबला नव्हता.

महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र एक बरी गोष्ट घडली. २०१३ मधल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात पायाभूत सुविधांच्या पैशाची वाटणीच करून दिली होती: ३५ टक्के नव्या बांधकामाला, ३५ टक्के जुन्याच्या नूतनीकरणाला, ३० टक्के साधनसामग्रीला. जुनी इमारत सुधारणे हे नवी बांधण्याइतकेच तोलाचे काम आहे, असे सरकारी कागदाने मान्य केल्याचे हे उदाहरण. शाळांच्या वाट्याला ते आलेले नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम श्री’ योजनेत साडेचौदा हजार शाळा आदर्श करण्यासाठी पाच वर्षांचा एकूण खर्च २७,३६० कोटी रुपये धरला आहे. पण निवडीच्या अटींत शाळेची इमारत पक्की आणि सुस्थितीत असावी, अशीही अट आहे. आम्ही बँकवाले ज्याच्याकडे आहे त्यालाच कर्ज देतो, असे लोक म्हणतात. इथेही ज्या शाळेचे छप्पर गळते तिने अर्ज करायचा नाही!

याची किंमत काय होते, ते आपण अधूनमधून वाचतो. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. त्या प्रकरणावरून पुढे आलेल्या याचिकेत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचे छत पडले, सात मुले गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने साऱ्या राज्यांना शाळांच्या इमारती तपासण्यास सांगितले. तपासणी होते, याद्या होतात, धोकादायक खोल्यांचे ‘निर्लेखन’ करण्याचे प्रस्ताव निघतात. हा शब्द आमच्याकडेही आहे. बुडीत कर्ज आम्ही निर्लेखित करतो, तेव्हा खात्यावरून एक आकडा नाहीसा होतो. खोलीच्या निर्लेखनाचा कागद मात्र टेबलाटेबलांवरून फिरत असतो आणि खोली जागच्या जागी उभी असते. मधल्या सुट्टीत तिच्याच सावलीत मुले डबा खातात.

मग करावे काय? उत्तर फार लांब नाही, आपल्यातल्या अनेकांच्या घरातच आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना दर महिन्याचे बिल ठाऊक असते. आपल्या राज्यातल्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात टाकायचा असतो. हा नियम शाळेला लावून पाहा. हिशेबाला सोपे म्हणून एका खोलीचा खर्च दहा लाख धरू. खोलीमागे वर्षाला दहा हजार झाले, दोन खोल्यांचे वीस हजार. आज अठ्ठावीस मुलांच्या शाळेला खडूपासून विजेपर्यंत सगळ्यासाठी मिळून दहा हजार मिळतात. आपण आपल्या फ्लॅटसाठी जो नियम पाळतो, तो आपल्याच मुलांच्या शाळेला लावायला सरकारची तिजोरी रिकामी होणार नाही. दुरुस्तीचा पैसा पटापासून तोडावा, तो खोल्यांची संख्या, इमारतीचे वय आणि तिथला पाऊस पाहून द्यावा, एप्रिलमध्ये द्यावा, आणि उरला तर शाळेच्या नावे साठू द्यावा. नव्या योजनेचे नावसुद्धा शोधायला नको.

हे होईल तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या जागा स्त्रियांना. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, या पालकांनी मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन एकदा गच्चीवर जावे. पाण्याचा पाइप मोकळा आहे का पाहावे, छताला कोठे डाग आहेत ते वहीत लिहावे, तारीख घालावी, सह्या कराव्यात आणि त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. पुढच्या मे महिन्यात तीच वही घेऊन पुन्हा वर जावे. माझ्या नोकरीचा अनुभव असा की, तोंडी तक्रार साहेबाच्या दारातून परत येते. तारीख आणि सही असलेला कागद मात्र कोणाला तरी फायलीत लावावाच लागतो, आणि एकदा फायलीत लागला की त्याचे उत्तरही कोणाला तरी द्यावे लागते.