वेगळ्या पानावरची सही

'बॅबिलॉन ५' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेत लोंडो मोलारी आणि जकार असे दोन राजदूत आहेत, आणि मालिकेचे नायकपद या दोघांपैकी एकाकडेही नाही. नायक आहे तो त्या नावाच्या अंतराळस्थानकाचा प्रमुख अधिकारी. युद्धे तो लढतो, तह तो घडवून आणतो आणि प्रेमही तोच करतो. तथापि ज्यांनी या मालिकेचे ११० भाग पहिल्यापासून अखेरपर्यंत पाहिले आहेत, त्यांच्यापाशी तिचा विषय काढला, तर यानांच्या चकमकी आणि नायकाची भाषणे बाजूला राहून बोलणे फिरून फिरून या दोघांवरच येते, असे मी अनेकदा पाहिले आहे. आणि त्यात मला काही नवल वाटत नाही.

मालिका दाखवली गेली १९९४ ते १९९८ या पाच वर्षांत. त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मालिकांचा सर्वसाधारण रिवाज असा होता, की प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असावा, आणि भागाच्या प्रारंभी पात्रे जशी असतील तशीच ती अखेरीस पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यावीत. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या लेखकाने हा रिवाज मोडून आरंभ, मध्य आणि अंत असलेली पाच वर्षांची एकच कथा आखली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षांचे तर सगळेच. एका वैराचा शांतपणे, पायरीपायरीने विचार करायचा तर इतका अवकाश हवाच होता. दीड-दोन तासांच्या चित्रपटात ही दोन माणसे एक तर कायमची शत्रू राहिली असती किंवा अखेरच्या प्रसंगात घाईने गळाभेट घेऊन मोकळी झाली असती.

कथा घडते तेविसाव्या शतकात. एका प्रलयंकर युद्धानंतर, निरनिराळ्या ग्रहांवरील राष्ट्रांनी एकत्र बसून बोलावे, या हेतूने पाच मैल लांबीचे एक अवाढव्य स्थानक अवकाशात उभारलेले असते आणि अडीच लक्ष जीवांची वस्ती त्यात नांदत असते. या राष्ट्रांपैकी सेंटॉरी हे नावाने प्रजासत्ताक, पण तख्तावर सम्राट बसलेला. एकेकाळी त्यांचा अंमल दूरवरच्या मुलुखांवर होता, आता उरला आहे तो दरबारी थाट, सरदारांची कारस्थाने आणि गतवैभवाची उसासे टाकणारी आठवण. दुसरे राष्ट्र नार्न लोकांचे. सुमारे शंभर वर्षे त्यांनी सेंटॉरींची गुलामगिरी सोसली, लढून ती झुगारली, आणि आता नव्याने आलेल्या सामर्थ्याच्या जोरावर ते जुन्या धन्याचे लचके तोडू पाहत आहेत. लोंडो हा सेंटॉरींचा राजदूत, जकार नार्नांचा. जकारचा पिता एका सेंटॉरी घराण्यात चाकर होता; मालकिणीच्या अंगावर गरम पेय सांडल्याच्या अपराधाबद्दल त्याला झाडाला टांगले गेले आणि तेथेच तो मेला. एवढे सांगितले म्हणजे जकारच्या द्वेषाची मुळे कुठवर गेली होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि तरीही पहिल्या वर्षी प्रेक्षक हसत असतो. पंख्याच्या आकाराची केशरचना केलेला, जुगारात आणि मद्यात रमलेला, आपल्या तीन बायकांच्या नावाने बोटे मोडणारा लोंडो हा जवळजवळ विदूषक वाटतो. उलट, सेंटॉरींच्या एका वसाहतीवर हल्ला चढवून विजयाच्या तोऱ्यात वावरणारा जकार हाच खलपुरुष आहे, अशी आपली समजूत होते. ही समजूत लेखकाने जाणूनबुजून करून दिलेली आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात लोंडो एक विलक्षण गोष्ट सांगून जातो: सेंटॉरींपैकी काहींना आपला मृत्यू स्वप्नात दिसतो, आणि आपल्या स्वप्नात वीस वर्षांनंतर आपण आणि जकार एकमेकांचा गळा आवळून मरत आहोत. म्हणजे कथेच्या उंबरठ्यावरच शेवट सांगून टाकलेला आहे. प्रेक्षकाला वाटते, वैर कुठवर जाणार ते कळले; वाट तेवढी पाहायची.

या दोघांच्या कथेचे बीज मात्र एका प्रश्नात आहे. मॉर्डन नावाचा एक हसतमुख गृहस्थ स्थानकावर येतो. तो कोणा अज्ञात आणि अतिप्राचीन शक्तीचा हस्तक असतो, आणि भेटेल त्या राजदूताला तो एकच प्रश्न विचारतो, की तुम्हाला काय हवे आहे? जकारला हवा असतो सूड. सेंटॉरींचा समूळ नाश व्हावा, आणि त्यानंतर आपली मायभूमी सुरक्षित राहिली की पुढे काय, याची त्याला फिकीर नसते. लोंडो आधी प्रश्न टाळतो, चिडतो, आणि मग कळवळून बोलून जातो, की आमचे गेलेले सारे वैभव जसेच्या तसे परत हवे. मॉर्डन निवड करतो ती लोंडोची. मला या प्रसंगातली सूक्ष्मता फार मोठी वाटते, कारण ऐकायला जकारचे उत्तर अधिक हिंस्र आहे. पण सूडाची इच्छा कुठेतरी तृप्त होऊन थांबू शकते, तर गतवैभवाच्या इच्छेला सीमाच नसते. कोणत्याही देशाच्या राजकारणाकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला या निवडीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या वर्षीच्या ज्या भागाला १९९६ साली ह्यूगो पारितोषिक मिळाले, त्या भागात हे बीज उगवून वर येते. वृद्ध सेंटॉरी सम्राट नार्नांची जाहीर क्षमा मागण्यासाठी स्थानकावर येतो, पण बोलण्यापूर्वीच कोसळतो. त्याचे शब्द तेथील डॉक्टरकरवी जकारपर्यंत पोहोचतात. सम्राटाचा वध करण्यास सिद्ध झालेला जकार त्या शब्दांनी विरघळतो आणि जन्मात प्रथमच लोंडोकडे हसऱ्या मुद्रेने जाऊन त्याला पेय देऊ करतो. परंतु तेवढ्यात लोंडोने मॉर्डनच्या धन्यांना नार्नांच्या एका वसाहतीवर तुटून पडण्याचा हुकूम देऊन ठेवलेला असतो. हातात पेला घेऊन समोरच्या माणसाची पहिलीवहिली सदिच्छा स्वीकारणाऱ्या लोंडोचा चेहरा पीटर ज्युरासिक या नटाने असा काही दाखवला आहे, की त्यापुढे पानभर संवाद फिके पडावेत. येथून लोंडोची विदूषकी संपते. पुढे नार्नांच्या मूळ ग्रहावर अवकाशातून अजस्र पाषाणांचा वर्षाव होतो, जो करणे सर्व तहांनी निषिद्ध ठरवलेले असते, आणि लोंडो तो यानाच्या गवाक्षातून निःशब्द पाहत उभा राहतो. नार्न शरण येतात. एका सेंटॉरीचा वध झाला तर पाचशे नार्नांना देहान्त, असे फर्मान निघते. राजदूतपद गमावलेला जकार स्थानकावर आश्रित म्हणून राहतो.

याच फर्मानाच्या छायेत एक प्रसंग घडतो. घातपाताच्या स्फोटानंतर लोंडो आणि जकार एका उद्वाहनात अडकतात. बाहेर आग, आत धूर. दोघांनी मिळून खटपट केली तर सुटण्याची आशा आहे, पण जकार स्वस्थ बसून हसू लागतो. त्याने लोंडोला मारले तर पाचशे नार्न मरतील. परंतु येथे तो आपोआप मेला तर एकाही नार्नाच्या केसाला धक्का लागणार नाही, आणि त्यासाठी स्वतः मरावे लागले तरी जकारची तयारी आहे. लोंडो विनवतो, ओरडतो, शिव्या देतो. जकारचे हसणे थांबत नाही. द्वेषाचे इतके शुद्ध, आणि सांगायला संकोच वाटतो पण इतके विनोदी, दर्शन मी दूरचित्रवाणीवर दुसरीकडे पाहिलेले नाही.

मग पालट होतो कोठे? बहुतेक रसिक बोट ठेवतात ते चौथ्या वर्षावर; मला तो त्याआधी, जकारच्या तुरुंगवासात दिसतो. एका मादक द्रव्याच्या बळावर लोंडोच्या मनात शिरून त्याचा छळ केल्याबद्दल जकारला साठ दिवसांची कैद होते, आणि त्याच वेळी झालेल्या एका साक्षात्कारामुळे, आपण ज्या सूडाला राष्ट्रकार्य समजत होतो तो आपल्या लोकांनाही विनाशाकडेच नेईल, हे त्याच्या ध्यानी येते. कोठडीत तो एक ग्रंथ लिहावयास बसतो. पुढे कार्टाजिया या वेड्या सेंटॉरी सम्राटाच्या हाती जकार सापडतो आणि लोंडोला बक्षीस म्हणून नजर केला जातो, तेव्हा त्याच्यात हा पालट होऊन चुकलेला असतो; म्हणूनच, तू सम्राटाच्या वधास साहाय्य कर, मी तुझ्या मायभूमीला मुक्त करीन, हा लोंडोचा सौदा तो स्वीकारू शकतो. कार्टाजियाला या कैद्याची किंकाळी ऐकायची असते. चाळीस फटक्यांत प्राण जाणार असतात; लोंडो मनोमन याचना करीत उभा असतो, आणि एकोणचाळिसाव्या फटक्याला, आपल्या लोकांसाठी जगणे अवश्य आहे म्हणून, जकार किंचाळतो. अभिमान गिळण्याची ती क्रिया अँड्रियास कॅट्सुलस या नटाने मुखवट्याच्या आणि लाल नेत्रभिंगांच्या आडून व्यक्त केली आहे, ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. नंतर त्याचा एक डोळाही काढला जातो, का, तर त्याची नजर सम्राटाला रुचली नाही.

सम्राट मारला जातो, नार्न मुक्त होतात, आणि सामान्य लेखकाने येथे दोघांना मित्र करून टाकले असते. स्ट्रॅझिन्स्की तसे करीत नाही. काही काळाने लोंडो एक संयुक्त निवेदन घेऊन येतो, ज्यावर दोन्ही राष्ट्रांच्या प्रतिनिधींची सही व्हावयाची असते. जकार प्रथम त्याला दादच देत नाही आणि मग सांगतो, की मी सही करीन, पण त्याच पानावर नाही. या दोघांच्या संबंधाविषयी इतके नेमके विधान मालिकेत दुसरे नाही. सहकार्य मान्य आहे, कारण ते न्याय्य आहे. जवळीक मान्य नाही, कारण मृतांचा हिशेब चुकता झालेला नाही.

तो हिशेब पूर्णपणे कधीच चुकता होत नाही, आणि येथेच मला या लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो. पाचव्या वर्षी हृदयविकाराने बेशुद्ध पडलेल्या लोंडोला स्वप्नात जकार दिसतो आणि एकच गोष्ट मागतो. ती म्हणजे खेद. शुद्धीवर येताच लोंडो प्रत्यक्ष जकारपुढे तो उच्चारतो. त्यानंतर जकार त्याचा अंगरक्षक बनून सेंटॉरी राजधानीत जातो, दरबारात सरदारांच्या भुवया उंचावतात, आणि दोघांच्या बोलण्यात पूर्वीचे टोमणे परत येतात, मात्र विष उतरलेले. पण जेव्हा लोंडोला एका परकीय शक्तीच्या ताब्यात जाऊन तख्त स्वीकारावे लागते, जेव्हा त्याला सत्ता मिळते आणि निवड करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही, तेव्हा निरोप घेताना जकार जे सांगतो ते मोजूनमापून सांगतो: माझे लोक तुझ्या लोकांना क्षमा करू शकणार नाहीत; मी तुला करतो. कोणाही एका व्यक्तीला साऱ्या मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार नाही, हे भान सोडले असते तर हा प्रसंग गोड झाला असता आणि खोटाही.

एक गमतीची बाब अशी, की गळा आवळण्याचा तो भविष्यातला प्रसंग प्रेक्षकांनी १९९६ सालीच पाहिला होता, आणि क्षमेचा प्रसंग आला १९९८ साली. स्वप्न अक्षरशः खरे ठरते, परंतु त्यातला अर्थ उलटा निघतो: परकीय शक्तीने लोंडोच्या मानेवर बसवलेला जीव मद्याने गुंगलेला असताना, बंदिवान मित्रांना पळून जाता यावे म्हणून लोंडोच जकारकडे आपल्या मृत्यूची मागणी करतो, आणि तो जीव जागा होऊन लोंडोच्या हातांकरवी जकारचा गळा धरतो. कृती आधी आणि तिचे कारण दोन वर्षांनी, असा हा उलटा क्रम. लेखकाला स्वतःच्या आराखड्यावर किती विश्वास असावा!

उणीव काढायचीच तर ती पाचव्या वर्षाच्या उत्तरार्धात काढता येईल. अनुमतीवाचून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे नार्न लोक जकारला प्रेषित मानू लागतात, त्या भक्तीला कंटाळून तो २२६२ मध्ये दूरच्या प्रवासाला निघून जातो, आणि २२७८ मध्ये तो लोंडोच्या राजवाड्यात कसा पोहोचला, तेथे त्याने कोणते दिवस काढले, एकाक्ष कैदी आणि पराधीन सम्राट यांच्यात काय बोलणे होत असे, हे मालिका दाखवीत नाही. पीटर डेव्हिड या कादंबरीकाराने पुढे तीन कादंबऱ्या लिहून ती पोकळी भरून काढली आहे. कथानक त्याने इमानाने जुळवून दिले, परंतु ज्युरासिक आणि कॅट्सुलस यांनी ते सोळा वर्षांचे संभाषण समोरासमोर उभे राहून करायला हवे होते, ही हळहळ त्या कादंबऱ्या वाचताना अधिकच वाढते. आणि कॅट्सुलस २००६ साली वारल्यामुळे ते आता होणेही नाही.