बिल्ल्यावरचे चाक

दिवाळीच्या आधी तांब्यापितळेची भांडी अंगणात मांडून चिंच, राख आणि काथ्या यांनी ती लखलखीत करण्याचा रिवाज नाशिकच्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांपैकीच आमचे एक घर असल्याने, तोफखान्यातून पेन्शनीत निघालेल्या माझ्या आजोबांचा पितळी बिल्लाही समया आणि पंचपात्री यांच्या पंगतीत बसून दरसाल घासला जाई. ते काम माझ्याकडे असे आणि मी ते अत्यंत निष्ठेने करीत असे. आज तो बिल्ला भिंगाखाली धरला, की तोफेच्या चाकाचे आरे एका अंगाने सपाट झालेले दिसतात आणि खालच्या पट्टीवरील अक्षरे बोटाला जेमतेम लागतात, पण वाचता येत नाहीत. ही झीज आजोबांच्या चाकरीतली नाही, माझ्या हातची आहे, आणि तिला उपाय नाही. ज्यांच्या घरी असा जिन्नस अद्याप शाबूत असेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिक रोडचे तोफखाना केंद्र यांच्यामुळे आपल्या भागात तोफेचा बिल्ला बऱ्याच घरांतून आढळतो. त्याचे वय ओळखण्यासाठी तोफेच्या वर काय आहे ते पाहावे. ब्रिटिश तोफखान्याच्या बिल्ल्यावर मुकुट आणि लॅटिन बोधवाक्य असे. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी तारा आला आणि बोधवाक्य ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’ असे झाले. एक शब्द संस्कृताचा आणि पुढचे फारशी वळणाचे, अशी ही जोडी मला फार प्रिय आहे. मुकुट असेल तर त्याचा आकार निरखावा. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील मुकुट घुमटासारखा फुगीर असतो, तर १९५२ मध्ये गादीवर आलेल्या एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या असतात. आणि २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो असल्यामुळे, राणीचा हा मुकुट भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर दिसला, तर तो जिन्नस आजोबांच्या पेटीतला आहे की बाजारातून आलेला, याची खातरजमा करावी.

मराठा पलटणींच्या बाबतीत आकडा फार बोलका असतो. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली, म्हणून तीन अंकी क्रमांकाची पितळी खूण सापडली तर ती त्या सालापूर्वीची समजावी. आणि ती १०३, ११० किंवा ११७ ची असेल, तर तिच्याकडे काहीशा आदराने पाहावे. कारण या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या, आणि डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून तेथील सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रे खाली ठेवली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्याच्या जागी खंजीर आला. तेव्हा स्तंभ दिसला की तो जुना बिल्ला.

पुढची बाजू वाचून झाली की बिल्ला उलटा करावा. ठशाने पत्र्यावर उठवलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या चित्राचीच खोलगट प्रतिकृती असते. ओतीव बिल्ल्याची पाठ मात्र भरीव, खरबरीत आणि बारीक छिद्रांची असते. तथापि ओतीव म्हणजे नकली, असा निकाल घाईने देऊ नये, कारण आपल्याकडे बाजारातील कारागिरांनीही पलटणींसाठी बिल्ले ओतून दिले आहेत. पागोट्यावर वा टोपीवर बसवण्यासाठी मागे दोन कान किंवा एक लांबट पट्टी डाखलेली असते. जुना कान तुटून नवा डाखला असेल, तर डाखाचा रंग निराळा दिसतो. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून असत, त्यामुळे त्यांचे बिल्ले आसपासच्या घरांत येऊन पडले असल्यास नवल नाही. घरात बिल्ला आहे एवढ्यावरून घरातला कोणी त्या पलटणीत होता, असे ठरत नाही.

आता किमतीविषयी. साधा शिपायाचा बिल्ला हजारोंनी निघालेला असल्यामुळे एकट्याने त्याला मोल थोडे. परंतु त्याच्यासोबत डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा कागद, एखादे छायाचित्र आणि पदक असेल, तर त्या संचाची योग्यता निराळीच होते. पहिल्या महायुद्धात लढाऊ शिपायांना मिळालेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर त्यांचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ती ओळ शाबूत असेपर्यंत पदक कोणाचे हे निर्विवाद राहते. अशी कित्येक पदके केवळ चांदीच्या भावाने सोनाराच्या मुशीत गेली, याचे दुःख मला बिल्ल्याच्या झिजेपेक्षाही अधिक वाटते. संच भावाभावांत वाटून घेण्याची जी पद्धत आहे, तीही त्याचे मोल नाहीसे करते; एकाकडे पदक आणि दुसऱ्याकडे कागद गेला, की दोन्ही मुके होतात. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होत असल्यामुळे त्या परदेशी विकण्याचा विचारही करू नये.

जतनाचा पहिला नियम म्हणजे न घासणे. पितळेवर बसलेली तपकिरी छटा हा मळ नव्हे; ते धातूचे कवच आहे. पितळेच्या भांड्यात दही का कळकते, हे आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक असते, आणि चिंचेतील आम्लही धातूला तसेच खाते. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, घामट बोटे लावू नयेत, आणि फिकट हिरवी पूड दिसू लागल्यास जाणत्यास दाखवावे. रबरबँड चांदी काळी करतो आणि मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या धातूवर चिकट थर सोडतात, म्हणून आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी सोबत असावी. पदकाची फीत धुऊ नये, तिला इस्त्री करू नये आणि ती उन्हात ठेवू नये.

सैनिकाचा क्रमांक हाती असला, की त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे विचारणा करता येते. तोफखान्याचे ते नाशिक रोड छावणीतच आहे. मात्र क्रमांकाशिवाय नुसत्या नावावर तेथे शोध लागणे फार कठीण. म्हणून घरातले वडीलधारे हयात असतानाच त्यांच्यासमोर बसून नाव, गाव, क्रमांक आणि सांगतील तेवढा तपशील पेन्सिलने लिहून घ्यावा. माझ्या आजोबांच्या डब्यात आता तसा एक कागद आहे. त्यावर त्यांचा क्रमांक आहे, देवळालीतले दिवस आहेत आणि अखेरीस, बिल्ल्याचे आरे कोणी आणि कशाने झिजवले, तेही माझ्या सहीनिशी नमूद आहे.